रविवारचं ताट, सोमवारचा फोन

दादा,

तू माझं मनगट पिरगाळलंस तेव्हा आत काहीतरी बारीक मोडल्याचा आवाज झाला, आणि तो तुला माझ्याआधी ऐकू आला. तुझा चेहरा बदलला तो त्या आवाजाने. मला दुखायला त्यानंतर लागलं. समोरच्या भिंतीवरून मटणाची तर्री ओघळत होती आणि ताट फरशीवर अजून गोल फिरत होतं. ते ताट मी फेकलं होतं, तुझ्या पुढ्यातून उचलून, तुझा हात त्यात असताना.

आज तुला जाऊन सोळा दिवस झाले आणि माझं प्लास्टर निघून तीन. उजवा हात आहे, म्हणून हळू लिहिते आहे. दोन ओळी झाल्या की बोटं ताणून बसावं लागतं. तुला हे पाहून मजा वाटली असती. ‘लिव आता, प्रोफेसरीण,’ म्हणाला असतास. मी प्रोफेसर कधीच नव्हते. लोकांना ‘काल काय खाल्लं’ असं विचारून कागदावर उतरवणारी बाई, एवढंच माझं काम. पण आपल्या घरात पुस्तक घेऊन कोपऱ्यात बसणारी मी एकटी, म्हणून तू मला हे पद देऊन टाकलंस.

तुझ्या पुण्यानुमोदनाला जे बोलायला उठले ते सगळे तुझ्या मोकळ्या स्वभावाबद्दल बोलले. तुझ्या हाताबद्दल कोणी बोललं नाही. मला तो हातच आठवतो. बाबा रेल्वेच्या वर्कशॉपमधून यायचे आणि पट्टा काढायचे. तू मला मागे ढकलून पुढे उभा राहायचास. मग मोठा झाल्यावर एक दिवस तू तो पट्टा हवेतच पकडलास आणि बाबांना भिंतीशी दाबून धरलंस, आणि बाबा त्यानंतर कधी आपल्याशी नीट बोललेच नाहीत. मी नऊ वर्षांची असताना टायफॉइडने पडले होते. तोंड उघडत नव्हते. तू माझ्या छातीवर गुडघा ठेवून नाक दाबलंस आणि तोंड उघडल्याबरोबर पेजेचा चमचा आत कोंबलास. मी ओकले. तू पुन्हा कोंबलास. तू रडत होतास आणि शिव्या देत होतास. ‘मरतं का वो पोट्टे? मरून दाखव मले.’ मी जगले ते औषधाने की तुझ्या चमच्याने, हे कोणी मोजलेलं नाही. पण आपल्या घरात माणसाला जेवू घालणं म्हणजे मारामारी, हे मी तेव्हाच शिकले. पुढे इतकी वर्षं पुस्तकं वाचली तरी ते शिक्षण गेलं नाही.

रायपूरच्या उरला औद्योगिक भागातल्या रोलिंग मिलमध्ये तू चिमटा धरायचास. लालभडक सळई रोलमधून सुटून यायची आणि तू तिचं तोंड धरून तिला दुसऱ्या खाचेत घालायचास, दिवसातून किती वेळा ते तुलाही ठाऊक नव्हतं. एकदा सळई उसळली, सापासारखी वर उठली आणि तुझ्या कोपरापासून मनगटापर्यंत कातडी सोलून गेली. घरी येऊन तू वहिनीला म्हणालास, ‘काही नाही, लाइन पाडून दिली तिनं मले.’ आतड्याचा कॅन्सर निघाला तेव्हाही तसंच. ऑपरेशन झालं, केमो झाली, केस गेले, पायाच्या तळव्यांची सालं निघाली. तू म्हणालास, ‘सळई पकडतो तसा पकडीन याले.’ डॉक्टरांनी तपासून सांगितलं, आता काही दिसत नाही, खाणं सांभाळा, चालत राहा.

खाणं आणि चालणं, म्हणजे नेमकं माझं काम. आमचा अभ्यास तोच होता: उपचार संपलेले लोक काय खातात, किती चालतात, आणि त्यांचं पुढे काय होतं. दर सोमवारी दहा वाजता फोन. काल सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत काय खाल्लं, आमच्या वाटीने किती, कोणी शिजवलं, सोबत कोण जेवलं. शेवटी शेऱ्यासाठी एक रिकामी जागा. कमरेला पावलं मोजणारं छोटं यंत्र. मी तुझं नाव त्या यादीत घातलं. घरच्या माणसाची मुलाखत आपण घ्यायची नसते, हा नियम मला ठाऊक होता. लग्नानंतर माझं आडनाव बदललेलं, कोणाला कळलं नाही. मला वाटलं, दुसरं कोणी तुझ्याकडून खरं काढू शकणार नाही.

पहिल्याच दिवशी तू फॉर्मचं शीर्षक वाचलंस: कर्करोगातून वाचलेल्या व्यक्तींसाठी.

‘वाचलेल्या? मंग मेलेल्यांचा फारम कोनता हाय?’

‘दादा, नीट बोल.’

‘नीटच बोलून राहिलो. दोन्ही फारम घेऊन ठेव, तुले दुसऱ्यांदा बस नको पकडाले.’

मी नव्या रायपूरच्या ऑफिसातून दोन बस बदलून आले होते. तू ते विसरला नव्हतास. चालण्याबद्दल मी तुला समजावलं: उपचारानंतरचा थकवा पडून राहण्याने जात नाही, रोज थोडं चालण्याने कमी होतो. तू खिडकी उघडून दाखवलीस. बाहेर ट्रकांची रांग, धूर, लोखंडाची काळी धूळ. ‘तुमच्या हापिसापुढं चालाले एवढा मोठा रस्ता हाय, चालनारा कोनी नाही. इथं चालनारे हायत, रस्ता नाही. हे लिव तुह्या फारमात.’ मी लिहिलं नाही. त्याला रकाना नव्हता. पण तू चालायला लागलास, तालाबाच्या पाळीवरून, पहाटे नाही, चांगला नऊ वाजता, सगळ्यांना दिसेल असा. मिलमधली तुझी जुनी माणसं ओरडायची, ‘काहून बे, इलेक्शनमध्ये उभा राहिला का?’ तू हात जोडायचास.

आता माझी चूक लिहिते. आमच्या कामात एक नियम सगळ्यांत आधी शिकवतात, आणि नव्या मुलींना तो मीच शिकवते. समोरचा काय खाल्लं ते सांगेल तेव्हा चेहरा हलवायचा नाही. ‘वा’ म्हणायचं नाही, ‘अरेरे’ म्हणायचं नाही. फक्त विचारायचं, ‘आणखी काही?’ कारण एकदा त्याला कळलं की तुम्हाला काय ऐकायला आवडतं, की तो तेच सांगू लागतो. आणि दुसरा नियम: त्याने सांगितलेलं बाहेर कोणाला सांगायचं नाही, त्याच्या घरच्यांना तर नाहीच.

पहिल्या सोमवारी तू खरं सांगितलंस. सकाळी दोन समोसे, एक तळलेला आलूगुंडा, दुपारी भात आणि खिमा. आणि मी म्हणाले, ‘समोसे? खिमा? दादा, तुला अक्कल आहे का? आतडं कापून बाहेर काढलं तरी कळत नाही?’

तू म्हणालास, ‘बरं.’

त्यानंतर तू समोसा खाल्ला नाहीस. म्हणजे मला सांगितला नाहीस. दलिया, तुह्या वाटीनं दीड. लाल भाजी, एक वाटी. मूग. पपई. मी ‘वा’ म्हणायचे. म्हणायचं नसतं, पण म्हणायचे. ऑफिसात तुझे फॉर्म मी एकटीच कौतुकाने पाहायचे.

आपलं ते भांडण अर्धवट राहिलं, ते आठवतं का तुला? चुलतभावाने तुला समता कॉलनीत एका आहारवाल्याकडे नेलं होतं, मीही सोबत होते. टेबलावर पावडरीचे डबे. त्याने तुला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाला, ‘कैंसर बाहर से नहीं आता भैया, थाली से आता है। आपने खुद बुलाया है।’ तू शांतपणे विचारलंस, ‘और मेरी माँ ने?’ तो हसला. ‘कुछ तो खाया होगा।’ पुढचं मला तुकड्यांत आठवतं. टेबल उलटं, हिरवी पावडर हवेत, त्याची कॉलर तुझ्या मुठीत आणि त्याचे पाय जमिनीवर नीट टेकलेले नाहीत. मी तुझी बोटं एकेक करून सोडवली. घरी येताना ऑटोत तू माझ्यावर उलटलास.

‘आई जन्मभर भाजीभाकर खाऊन राहिली, पायी चालली. तिले काहून झाला? सांग ना, प्रोफेसरीण.’

मी म्हणाले, ‘चांगलं खाल्लं, चाललं, तर धोका कमी होतो. टळतोच असं नाही. आणि ज्याला झाला त्याची ती चूक असते, असं तर कोणीच म्हणत नाही.’

‘त्यानं म्हटलं ना आत्ता.’

‘तो भामटा आहे.’

‘अन तू?’

मी म्हणाले, माझं वेगळं आहे, मी अभ्यास वाचते. तू बाहेर पाहत राहिलास. आज सांगते, त्यात फरक होता, मोठा होता. तो खोटं विकत होता आणि मी जे वाचलं होतं ते खरं होतं. पण हजारो माणसांकडे पाहून काढलेली एक सरळ, नम्र गोष्ट मी उचलली आणि तुझ्या एकट्याच्या डोक्यात काठीसारखी घातली. तुझ्या अंगावर दोन्ही सारखंच लागत असणार.

आणि मी वाचते म्हणून सांगितलं, तर नीट वाचलं तरी असतं. त्या तीन महिन्यांत तुझं खाणं कागदावर सुधारत गेलं आणि कमरेच्या यंत्रातली पावलं घटत गेली. दर आठवड्याला कमी. दोन्ही आकडे एकाच पानावर माझ्याच अक्षरात होते. दुसऱ्या कोणाचं पान असतं तर मी त्याच दिवशी वरिष्ठांकडे गेले असते, की या माणसाला पुन्हा तपासायला पाठवा. तुला मी फोनवर म्हणाले, ‘आळस करू नकोस. एवढं छान खातोस आणि बसून राहतोस.’

तू म्हणालास, ‘हव.’

त्या रविवारी मी न सांगता आले. दुपारचे साडेबारा. दारातच वास आला, आपल्या नागपूरकडच्या काळ्या मसाल्याचा, आईच्या हातचा असायचा तसा. वहिनी मला पाहून दचकली आणि स्वयंपाकघराच्या दारात आडवी उभी राहिली. तू खाली बसला होतास, पाटावर, समोर ताट, वरपर्यंत लाल तर्री. तू वर पाहिलंस आणि हसलास. पकडला गेलास म्हणून हसलास असं मला वाटलं.

‘हा दलिया?’ मी म्हणाले.

‘बस ना वो. अवो, हिले वाढ.’

‘अकरा सोमवार तू माझ्याशी खोटं बोललास.’

‘बस तर खरी. दोन घास खाऊ दे, मंग मार.’

‘मरायचंच असेल तर स्पष्ट सांग. मी बस धरून येणार नाही.’

‘मंग नको येऊ. कोनं बोलावलं होतं तुले?’

आणि मी ताट उचललं. तुझी बोटं रश्श्यात होती, ती तशीच हवेत राहिली. ताट भिंतीवर आपटलं. मग मी तुझ्या तोंडावर मारली, उघड्या पंजाने, जितका जोर होता तितक्या जोराने. आयुष्यात मी कोणाला मारलेली ती पहिली थप्पड. मला थांबता येत नव्हतं, दुसरी उगारली, आणि ती तू पकडलीस. लाल सळई धरणारी पकड. तुझ्या अंगात तेव्हा काही राहिलं नव्हतं हे मला आता माहीत आहे, पण त्या पकडीत सगळं होतं.

वहिनी ओरडली नाही. खाली वाकून मटणाचे तुकडे गोळा करू लागली. ‘दोघंबी एका बापाचे,’ एवढंच म्हणाली.

तू माझं मनगट सोडलंस तेव्हा तुझा शर्ट वर सरकला होता आणि मला पट्टा दिसला. पट्ट्याला खिळ्याने पाडलेली नवी भोकं होती. चार. यंत्र शेवटच्या भोकाजवळ लटकत होतं. मी ते पाहिलं, दादा. पाहिलं आणि हात पोटाशी धरून निघून गेले.

मग काही नाही. वहिनीचा फोन आला, ‘ये ना वो, तुही वाट पाहून राहिला तो.’ मी म्हणाले, आधी त्याने माफी मागावी. मोडलेलं हाड माझ्याकडे होतं, मी त्याचा मान मागत होते. वहिनीने तेव्हाही सांगितलं नाही की कॅन्सर लिव्हरमध्ये परत आला आहे आणि हे तुला दीड महिन्यापासून माहीत आहे. तू तिला तुझी शपथ घातली होतीस. ‘पोट्टी आनंदात हाय. तिचे फारम चांगले भरून राहिले. राहू दे.’

मला बोलावलं तेव्हा तू दवाखान्यात होतास, पिवळा पडलेला, पोट फुगलेलं, हात काटक्यांसारखे. दुपार होती. तू डोळे उघडलेस, मग माझा प्लास्टरचा हात पाहिलास, आणि बोटाचं पेर त्यावर वाजवलंस. दोनदा. दारावर टकटक करावी तसं. मी काय बोलावं ते शोधत होते. मला शब्द सापडेपर्यंत तुला झोप लागली आणि त्या झोपेतून तू परत आलाच नाहीस. तू चेष्टा केलीस की क्षमा मागितलीस, की नुसतं पाहिलंस पक्कं बसलंय का, हे मी सोळा दिवस विचारते आहे.

त्याहून वाईट प्रश्न दुसरा होता. आमच्याच हस्तपुस्तिकेत एक पान आहे, मी ते अनेकांना वाचून दाखवलं आहे. आजार परतला असेल, वजन झपाट्याने उतरत असेल, भूक मेली असेल, तर बाकी सगळं बाजूला ठेवा. माणसाला जे जाईल ते जेवू द्या. वहिनीने मला सांगितलं की त्या रविवारआधी कितीतरी दिवस तू नुसतं पाणी आणि बिस्किटावर होतास. त्या सकाळी उठून तू म्हणालास, आज आईच्या हातासारखं मटण खावंसं वाटतं. ती आनंदाने बाजारात पळाली. म्हणजे तुझ्या तोंडातून मी काय काढून घेतलं ते मला कळलं, पण किती, ते कळेना. एक घास तरी गेला होता का? वहिनीला विचारायची हिंमत नव्हती.

काल दुलारी आली. माझ्या हाताखाली शिकलेली, छत्तीसगढी मुलगी, आमच्या ऑफिसातली. मी रजेवर गेले तेव्हा माझी यादी तिच्याकडे गेली होती, त्यात तूही. मी ऑफिसला आधीच लिहून दिलं आहे की तू माझा भाऊ आहेस आणि मी घेतलेले तुझे फॉर्म खोटे आहेत, ते काढून टाका. ते काढले. आता अभ्यासात तू फक्त चार सोमवार आहेस, दुलारीच्या अक्षरातले. वरिष्ठांना विचारून तिने त्यांच्या प्रती आणल्या होत्या.

‘दीदी, मेरे को पता नई था वो आपके भैया हैं। पहिले सोमवार को ही समझ गई।’

पहिला सोमवार म्हणजे त्या रविवारचा दुसरा दिवस. तिने वाचून दाखवलं, कारण मला कागद नीट धरता येत नव्हता. सकाळी, चहा अर्धा कप. दुपारी, मटण, दोन तुकडे, रस्सा दोन घास. शिजवलं कोणी, पत्नी. बाकीचं?

‘मैंने पूछा, बाकी कितना छोड़ा भैया। बोले, बाकी दीवार ने खाया।’

सोबत कोण जेवलं, या रकान्यात तिने लिहिलं होतं: बहीण.

‘मैं बोली, और कुछ? तो बोले, हव, भूख लगी थी कल। बहुत दिन बाद।’

दुलारीने चेहरा हलवला नसणार. मी शिकवलं आहे तसंच तिने पुढचा प्रश्न विचारला असणार. म्हणून तू तिला खरं सांगितलंस, चारही वेळा. बिस्किट दोन. उलटी. काही नाही. काही नाही. पावलांच्या रकान्यात शेवटी फक्त पलंग ते संडास एवढी पावलं.

मग तिने कागदाच्या तळाशी बोट ठेवलं. शेरा. चारही फॉर्मवर तिथे एकच ओळ होती, फक्त तारीख वेगळी. भैया ने बहन के हाथ का पूछा. भैया ने बहन के हाथ का पूछा.

मी विचारलं, ‘मला का नाही सांगितलंस, दुलारी?’

ती खाली पाहत राहिली. ‘आप ही ने सिखाया है न दीदी। जो बोले, लिख लो। घर वालों को मत बताओ।’

ती गेल्यावर मी तुझ्या घरी गेले. वहिनीने भिंत दोनदा धुतली आहे, डाग फिकट झाला आहे, गेलेला नाही. तिने मला विचारलं नाही, ताट घेतलं आणि वाढलं. मी त्याच जागी बसून, त्या भिंतीकडे तोंड करून जेवले. डाव्या हाताने.

तू चार सोमवार विचारलंस आणि कोणी उत्तर दिलं नाही, म्हणून आज लिहिते. हाड जुळलं आहे, दादा. डॉक्टर म्हणतात, रोज थोडी हालचाल करत राहा, हात पूर्वीसारखा होईल. पेन धरता येतं. मूठ अजून वळत नाही.